अनसूआत्या आणि टाकीची कंबर

अनसूआत्यानं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, की झेरॉक्सचा दर विचारला नाही. दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिनं मला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाली, "छाती अडतीस, पोट एक्केचाळीस. येवढ्यात पोट छातीच्या म्होरं गेलं रे तुझं!"

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यातले एक वकीलसाहेब, आणि वकिलांना असलं काही ऐकायला मिळालं की ते कोर्टभर होतं. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोकडून टेप मागून घेतली आणि न्हाणीघरात कडी लावून पोट मोजलं. एक्केचाळीस. छाती मात्र साडेसदतीसच भरली. अर्धा इंच आत्यानं पदरचा घातला होता. तो का घातला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

महाडला प्रांत कचेरीच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्जदार या प्राण्याला मी चांगला ओळखून आहे. कुणी रडत येतो, कुणी तणतणत येतो, कुणी कानात कुजबुजतो आणि 'हे कुणाला सांगू नका' म्हणून पाच प्रती काढून नेतो. माप घेत आलेली अर्जदार मी आजवर एकच पाहिली.

आत्या पोलादपूर तालुक्यातली. उमरठच्या वाटेला लागून आत डोंगरात वळलं की तिची धामणवाडी लागते. वय पासष्टीच्या पुढं, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, आणि चाळीस वर्षं पायाखाली शिलाईचं मशीन. आजूबाजूच्या वाड्यांतले ब्लाउज, पोरांचे गणवेश, नवरदेवाचे लेंगे, सगळं तिच्याकडे. गळ्यात मंगळसूत्र असावं तशी टेप कायम. जेवताना काढत नाही आणि देवळात जाताना तर नाहीच. एकदा एस.टी.त तिनं बाकड्याला टेप लावली आणि कंडक्टरला सुनावलं, "तिगांची शीट म्हणतोस, माप तर अडीच मान्सांचं हाय. वरचा अर्धा मानूस कुठं बसवू, तुझ्या मांडीवर?" कंडक्टरनं तिला पुढचं एकाचं सीट दिलं आणि महाड डेपो येईपर्यंत तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

तिच्या धंद्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकानं दिलेल्या कापडाचा तुकडान् तुकडा परत करायचा. ब्लाउज घ्यायला जावं तर ब्लाउजबरोबर एक पुरचुंडी मिळायची आणि तिच्यात काखेतून कातरलेला नखाएवढा त्रिकोणसुद्धा असायचा. "कापड तुझं, शिलाई माझी. मंग चिंधी माझी कशी व्हईल?" असं ती म्हणायची. त्या चिंध्यांच्या गोधड्या वाडीतल्या घराघरांत आहेत. कुठल्या गोधडीत कुणाच्या लग्नातला तुकडा आहे, हेही तिला पाठ आहे.

आता या बाईच्या कानावर खनिज निधीची गोष्ट जायलाच नको होती. पण गेली. पंचायतीतल्या शिपायाची बायको ब्लाउज टाकायला आली आणि बोलता बोलता सांगून बसली, की वाडीसमोरच्या डोंगरात जी दगडखाण आहे, तिच्या मालकाला दगडामागे सरकारात पैसे भरावे लागतात. त्यातला एक वाटा जिल्ह्याच्या खनिज निधीत जातो. आणि तो निधी खाणीची धूळ खाणाऱ्या गावांसाठीच वापरायचा असतो, पाण्यासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी. धामणवाडीच्या नावावर त्यातून पाण्याची टाकी आणि घरटी एक नळ मंजूर झाला होता. एवढंच नाही, तर काम पूर्ण झाल्याचा कागदही पंचायतीत लागला होता.

काम पूर्ण म्हणजे कसं, तर डोंगरउतारावर एक टाकी उभी होती आणि वाडीतल्या एकोणीस घरांपैकी सात घरांपुढं नळ होते. टाकीतलं पाणी अर्ध्या तासात संपायचं. आणि वाडीचा जुना झरा खाणीत सुरुंग लागायला लागल्यापासून बिघडला होता. थंडीत गढूळ यायचा, शिमग्याला आटायचा. मग बायकांनी खालच्या ओढ्यापर्यंत उतरायचं आणि हंडा घेऊन चढायचं. मे महिन्यात मुंबईकर पोरंबाळं घेऊन गावी यायचे, तेही यायचे बंद झाले होते.

आत्याला हे सगळं शिलाईच्या भाषेत एका दमात कळलं. "डोंगर आमचा," ती मला म्हणाली, "त्यांनी कातरला. बरं कातरला. पैशे भरले, तेबी बरं. आता उरलेलं कापड कुठं हाय, येवढं दाखवा म्हनावं."

'उरलेलं कापड दाखवा' हे तिचं तेव्हापासून पालुपदच झालं. ग्रामसभेत सरपंचांनी कामांची यादी वाचायला घेतली, की प्रत्येक कामापाशी मागच्या रांगेतून आवाज यायचा, "उरलेलं कापड दाखवा." पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी सरपंचही हसले. चौथ्या कामापाशी सगळ्या बायका तिच्याबरोबर एका सुरात म्हणायला लागल्या, आणि सरपंचांना घाम पुसायला रुमाल सापडेना. सभा 'चहासाठी' थांबली ती पुन्हा भरलीच नाही.

मग ती माझ्याकडे आली. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा होता. विषय तिनं घरूनच ठरवून आणला होता: टाकीचं कापड कमी भरल्याबाबत.

"आत्या, असं चालत नाही," मी म्हणालो आणि माझ्या पद्धतीनं टाईप केलं: 'जिल्हा खनिज निधीतून मौजे धामणवाडी येथे करण्यात आलेल्या पाणीपुरवठा कामाच्या मोजमाप पुस्तकाची साक्षांकित प्रत मिळणेबाबत.' माझ्या या वाक्यांवर माझं घर चालतं, त्यामुळे मी ते जरा ठसक्यात वाचून दाखवलं.

तिनं ते तीनदा वाचायला लावलं. "ह्यात राग कुठं हाय?"

"अर्जात राग लिहायचा नसतो, आत्या."

"मंग लिवायचा कशापायी?"

मी घाईनं कोर्ट फी स्टॅम्प लावायला घेतला. पण 'मोजमाप पुस्तक' या शब्दापाशी तिचे डोळे लकाकले. सरकारातसुद्धा मापाची वही असते, हे तिला ठाऊक नव्हतं. "म्हंजे माझ्यावानी? नाव, छाती, कंबर, समदं लिवून?" मी सांगितलं, की असंच काहीसं, फक्त पुलांचं आणि गटारांचं. तिला इतका आनंद झाला की तिनं मला चहा पाजला. सरकार म्हणजे आपल्याच धंद्यातलं कुणीतरी निघालं, असा तो आनंद होता.

तिच्या स्वतःच्या वह्या चाळीस वर्षांच्या, एका पत्र्याच्या ट्रंकेत. आणि त्यात टाकीच्या ठेकेदाराचंही माप होतं. हा ठेकेदार पूर्वी गवंड्यांच्या हाताखाली घमेली उचलायचा. पुढं कामं घ्यायला लागला तरी सफारी मात्र आत्याकडेच शिवायचा. आत्यानं वही उघडून माझ्यासमोर धरली. "ह्ये बग. रस्त्याच्या वर्साला कंबर तीन इंच वाढली. सभामंडपाच्या वर्साला दोन. टाकीच्या वर्साला येकदम पाच. ह्याची झेराक्स काढ आनि लाव अर्जाला."

"आत्या, हा पुरावा होत नाही!"

"का? मापच हाय की."

मी हात जोडले. कचेरीसमोर दुकान आहे, मला रोज त्याच लोकांत वावरायचं आहे. तिनं मान डोलावली, शहाण्यासारखी उठली, डेपोजवळच्या दुसऱ्या दुकानातून झेरॉक्स काढली आणि अर्जाला टाचून दिली. पुढच्या आठवड्यात ते पान कचेरीभर फिरलं. त्यानंतर आत्या व्हरांड्यात दिसली, की टेबलामागचे भले भले लोक श्वास आत ओढून बसायचे. एक अव्वल कारकून तर ती जाईपर्यंत बोलायचाच नाही, कारण बोललं की पोट बाहेर येतं. तिची कामं त्या काळात भराभर झाली, त्यात माझ्या मराठीचा वाटा किती आणि कोंडलेल्या श्वासांचा किती, हे मला सांगता येणार नाही.

मोजमाप पुस्तकाची प्रत आली. टाकीचा व्यास दिला होता. मी मोबाईलवर हिशेब करून घेर काढला आणि तिला तिच्या भाषेत सांगितला, "सहा टेपा आणि वर अकरा इंच." तिची टेप साठ इंची.

दुसऱ्या दिवशी तीन बायका बरोबर घेऊन आत्या उतार चढून टाकीपाशी गेली. दर खुणेपाशी टेपेचं टोक आत्यानं लावायचं, एकीनं दुसरं टोक धरायचं, दुसरीनं टेप सपाट दाबायची, तिसरीनं शिलाईच्या खडूनं खूण करायची. असा टाकीला सबंध वेढा घालून झाला, तेव्हा माप भरलं पाच टेपा आणि वीस इंच. तिनं मला फोन केला. खाणीच्या क्रशरचा आवाज मागून येत होता आणि त्याच्यावर तिचा आवाज. "कंबर कमी हाय रे! चांगली कमी हाय! आखूड कापडाला चकाकी लावली म्हनून मोठं दिसतं व्हय?"

तक्रार अर्ज मी टाईप केला. त्यावर अलिबागहून चौकशी लागली आणि स्थळपाहणीची तारीख आली. आत्यानं मला फर्मावलं, "अर्ज तू लिवलास, मंग हुबा पन तूच ऱ्हा." नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. साडेसदतीसच ती.

टाकीपाशी सगळी वाडी जमली होती. म्हणजे सात घरांतली पंधरा-सोळा माणसं, बाकीची बारा घरं कुलूपबंद. साहेब आले, त्यांच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर, पोलादी टेप घेऊन. ठेकेदार सफारीत आला, आत्यानं शिवलेल्या. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं मुकाट्यानं पोट आत घेतलं.

इंजिनिअरनं पोलादी टेपेनं घेर मोजला, मग आत्याचा अर्ज पाहिला, पुन्हा मोजला. "साहेब, यांचं माप चुकलंय," तो म्हणाला. "पाच इंचांचा फरक आहे."

चाळीस वर्षं माप घेणारी बाई, आणि पाच इंच! आत्याचा चेहरा पडला. ती खडूच्या खुणांकडे गेली, बोटानं चाचपडली आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"अगो बाई! मी सैल सोडलं!"

कुणाला काही कळेना. तिनंच सांगितलं. शिलाईत अंगाबरोबर माप कुणी घेत नाही. माणसाला श्वास घ्यायला जागा लागते, हात वर करायला लागते, म्हणून टेप धरतानाच थोडं जास्त धरायचं. हाताला सवय पडलेली. टाकीला वेढा घालताना दर खुणेपाशी तिची टेप आपोआप इंचभर मागून सुरू झाली होती. पाच टेपा, पाच इंच. माझ्या छातीतला अर्धा इंचही तिथूनच आलेला.

"टाकीला सैल सोडलंत?" साहेब म्हणाले.

"पान्यानं भरल्याव फुगंल, असं वाटलं असंल हाताला," आत्या ओशाळून म्हणाली.

ठेकेदारानं कोंडलेला श्वास सोडला आणि त्याच्याबरोबर पोटही सोडलं. "बघा साहेब! बघा! बाई खोटं माप देतात! पाच इंच खोटं! हे पंचनाम्यात आलंच पाहिजे. लिहा!" तो नाचायचाच बाकी होता. साहेबांनी शांतपणे लिहून घेतलं, की अर्जदाराचं माप पाच इंचांनी जास्त आहे. ठेकेदारानं सगळ्यांच्या आधी खाली सही ठोकली.

"म्हणजे," साहेब पेनाला टोपण लावत म्हणाले, "टाकी यांनी सांगितली त्याहून पाच इंच आणखी लहान आहे."

क्रशरसुद्धा त्या क्षणी बंद असावा असं मला आठवतं. मग वाडीतली एक म्हातारी फसकन हसली, दुसरी हसली आणि सगळी डोंगरउतरण हसत सुटली. इंजिनिअर पाठ फिरवून हसत होता. ठेकेदार 'खोडा ते, खोडा' म्हणत पंचनाम्याकडे धावला, तर आत्यानं मध्ये हात आडवा घातला. "लिवलंय ते लिवलंय. सही बरी केलीस रे माझ्या राजा!"

आम्हा सगळ्यांना अलिबागला बोलावून निकाल दिला, की जुनीला लागून दुसरी टाकी ठेकेदारानं स्वखर्चानं बांधायची आणि राहिलेले नळ जोडून द्यायचे. इथं पुन्हा अडलं. ठेकेदार म्हणाला, की बारा घरांना कुलपं आहेत, तिथं नळ कशाला? यावर साहेबही जरा डळमळले. "आजी, बंद घरात पाणी कोण पिणार?"

आत्या म्हणाली, "कागदात एकोनीस हायती. एकोनीस." साहेबांनी पुन्हा समजावलं. तेव्हा तिनं त्यांच्या सदऱ्याकडे बोट दाखवलं. "सायब, तुमी उभं ऱ्हाताना एक हात खिशात घालता. मंग काय, शर्टाला एकच बाही लावू?"

साहेबांनी खिशातला हात बाहेर काढला आणि एकोणीस नळ मंजूर राहिले. मला मात्र मनातून तो हट्टच वाटला. जिंकलेल्या माणसाला थोडी मस्ती चढते, तशातला. परतीच्या एस.टी.त मी तिला तसं म्हणालोही. ती खिडकीबाहेर पाहत बसली, गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत.

पुढचा शिमगा होऊन गेल्यावर तिचा निरोप आला, की दोन्ही टाक्या भरल्या, चहाला ये. मी सकाळच्या गाडीनं गेलो. घरी आत्या नव्हती. शेजारीण म्हणाली, "आत्ते व्हय? ती नळ सोडाय गेलीय. रोजच जाते."

मी शोधत वाडीत शिरलो. एका बंद घरापुढं ती उभी होती. नळ सोडलेला, खाली कुणाचीतरी जुनी कळशी, आणि आत्या कुलपाकडे तोंड करून ओरडत होती, "गो रखमे! पानी आलं गो! पाळी तुझी!"

मी जागच्या जागी थांबलो. ती पुढच्या घरी गेली, तिथंही नळ सोडला, पायरी ओली केली आणि तिथल्या बाईच्या नावानं हाक मारली. मग पुढच्या. मला पाहिलं तेव्हा लाजली नाही की थांबली नाही. चालता चालता सांगत राहिली. झऱ्यावर पूर्वी रांग असायची. जिचा हंडा भरला तिनं पुढचीच्या नावानं हाक मारायची, म्हणजे ती घरातून निघायची. सबंध सकाळभर वाडीत नावं ऐकू यायची. "एवढ्या वर्सांत कुनी कुनाच्या नावानं वरडलंच नाय रे. नावं पन विसरायला व्हतील."

शेवटचं घर तिच्या घराला लागूनच होतं. नवं, पक्क्या विटांचं, दाराला निळा रंग आणि भलंमोठं कुलूप. तिच्या मुलाचं, संतोषचं. नालासोपाऱ्याला असतो तो. तिथं तिनं नळ सोडला, पण हाक मारली नाही. पायरीवर टेकली.

"नात आली व्हती तीन वर्सांमागं," ती म्हणाली. "ते गढूळ पानी पिऊन पोरीचं पोट बिघडलं. चवथ्या दिवशी परत गेली. सून म्हनाली, पान्याची सोय झाली की येऊ. ती काय वाईट नाय बोलली. पोर तिची हाय."

"मग आता कळवलंत ना?"

"कळवलं. म्हनाला, बगू." मग तिनं पुढं जोडलं, "बगू म्हनाला. नाय, असं नाय म्हनाला."

मी तिच्या शेजारी पायरीवर टेकलो. एस.टी.त आपण तिला काय म्हणालो, ते आठवून माझी मलाच लाज वाटली.

"तू हाक मार," ती अचानक म्हणाली.

"मी?"

"माझ्या हाकेची त्याला सवय झालीय. परक्यानं बोलावलं तर मानूस बगतो तरी."

मी उभा राहिलो. बंद दाराला हाक मारायची म्हणजे आपल्याला हसू येईल, असं वाटलं होतं. आलं नाही. "संतोष!" मी म्हणालो. तो आवाज कुलपापर्यंतही गेला नसेल.

"मोठ्यानं."

"संतोष! पाणी आलं रे! पाळी तुझी!"

समोरचा डोंगर अर्धा कापलेला आहे. तरी त्यानं हाक परत दिली, जराशी फाटकी, पण पूर्ण. आत्या पदर तोंडाशी धरून, ती विरेपर्यंत कान देऊन बसली होती.

"ऐकलं असंल," ती म्हणाली आणि उठून तिनं नळ बंद केला.